एकोणतीस मिनिटांनंतर

तुले माहीत आहे तेच गाव, ता. दिग्रस
९ जानेवारी २०२५

दीपे,

पाकीट उघडलं ना? फसली तू. वरचा पत्ता लालसिंगकडून लिहून घेतला मी, पाठवनाराचं नावबी त्याचंच टाकलं. माहं अक्षर दिसलं असतं तर तू न उघडताच फाडलं असतं. मले मालूम आहे, तुह्या अंगात माहंच रगत आहे.

परवा तो घरी आलता. चहा पेला, दोन वेळा खोकलला आन म्हने, "मावशी, दीपाचा निरोप आहे. तिचा कॅमेरा नागपूरले कुरिअर करून द्या म्हनते."

मी म्हनलं, "आन आई कशी आहे, हे नाई इचारलं तिनं?"

तो बिचारा कपात पाहत बसला. दिग्रसले स्टुडिओ चालवते, लग्नात शंभर लोकाईले हसा हसा म्हनते, पन त्याले सोताले खोटं हसता येत नाई.

तर आयक. कॅमेरा भेटन तुले. पन फुकटात नाई. दोन वर्ष झाले, तू फोनवर माहा नंबर बंद करून ठेवला. बारा मार्चले तुह्या बापाचा दुसरा स्मृतिदिन आहे. पहिल्याले तू आली नाई, लोकाईनं इचारलं तर मी सांगतलं पोट्टीले ताप आहे. यंदा कोनता रोग सांगू? तूच कळव.

त्या दिवसाची गोष्ट मी काढनार नव्हती, पन निघालीच तर सांगतो. तू लालसिंगचा जुना जड कॅमेरा घेऊन पुसदच्या लग्नाले गेलती. हा नवा आदल्याच दिवशी आलता. "नव्यावर लग्नाचा भरोसा नाई, बाबा तुम्ही पाहत बसा," म्हनून बापाच्या हातात देऊन गेली तू. सांजच्याले परत आली तवा बाप चादरीखाली होता. तुह्या गळ्यात तो जड कॅमेरा तसाच. तुही रुखमा आत्या सगळ्यायसमोर म्हने, "सकाळपासून फोन लावू लावू थकली तुही माय, आन तू लोकाईचे फोटो काढून राह्यली होती!" तू मोबाईल दाखवला. म्हनलं, "पहिला फोन एक वाजून पाच मिनिटाचा आहे, आत्या. त्याच्या आधी एकबी नाई." आत्यानं हात मारला, मोबाईल खाली पडला. मंग तू माह्याकडे पाह्यलं.

मी रडून राह्यली होती. रडनाऱ्या बाईले कोन काय इचारते.

त्या दिवशी रेंज नव्हती, दीपे. तुले मंग सांगतलंच मी.

कॅमेरा कपाटात आहे, तुह्या पिवळ्या ओढनीत गुंडाळलेला. चालू होत नाई. मेलेला कॅमेरा कसा पाठवू? पहिले पाहतो जिता होते का.

तुही आई,
कोकिळा (सातवी पास, विसरू नको)


१७ जानेवारी

दीपे,

जिता झाला. मोबाईलचंच चार्जर लागते त्याले, हे मले कोनी सांगतलं नाई, माहं मीच पाह्यलं. दोन घंट्यात बारीक लाल दिवा गेला. मंग बटन फिरवलं तर पहिले मलेच सवाल: तारीख काय, टाईम काय, गाव कोनतं. लालसिंग म्हने लय दिवस बॅटरी मेलेली राह्यली का हा कॅमेरा घड्याळ विसरते.

त्याले काय मालूम आज कोनती तारीख आहे? मी जे सांगन ते खरं. मी अकरा मार्च दोन हजार तेवीस टाकली. त्या दिवशी तू घरात होती. बाप ओसरीत होता, कॅमेऱ्याचा खोका नाकाशी धरून नव्याचा वास घेत होता. गंमत म्हनून टाकली. आता काढलेले सगळे फोटो त्याच तारखेचे येतात. राहू दे.

वरती गोल चकती आहे, तिच्यावर इंग्रजीचे अक्षरं. M, S, A, P, आन एक हिरवा डब्बा. मी M वर ठेवलं, कारन ते मले वाचता येते. सगळं काळं आलं. कोंबडी काळी, आंगन काळं, मी तं आहेच काळी. मंग S वर ठेवलं, तवा कोंबडी अशी आली जशी कोनी पुसून टाकली.

मांगं बारकी टीव्ही आहे. वर एक भोक आहे, त्याले डोळा लावला का टीव्ही बंद, डोळा काढला का चालू. अर्धा घंटा मी तेच केलं. लावला, काढला, लावला, काढला. कॅमेऱ्याले वाटलं असन बाईचा डोळा फडफडते.

लालसिंगले म्हनलं, "ह्याले मिररलेस काहून म्हनतात?"

"मावशी, जुन्या कॅमेऱ्यात आत आरसा असते. ह्याच्यात नाई. सरळ काचेवर पडते समदं."

"बरं झालं," मी म्हनलं. "आरशापुढं उभं राहाचं वय गेलं माहं."

एक सांगतो. भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोखाली तुह्या बापाची फ्रेम आहे. तू ती पाह्यली नाई. एका फोटोवाल्यानं राशनकार्डावरचं तोंड घेतलं, त्याले निळा कोट चढवला, लाल टाय बांधला. सगळेच तसं करून घेतात, आत्यानं हट्ट केला. चाळीस वर्ष तो मानूस कापसाच्या जिनिंगमधी फिटर होता, अंगात बंडी आन कानात रुई. लग्नातबी कोट नाई घातला. कधी कधी मी फ्रेमीकडे पाहतो तं वाटते, मी दुसऱ्याच कोन्या साहेबाची बायको होती, आन हा मानूस चुकून आपल्या घरात मेला.

त्या फ्रेमीवर कॅमेरा धरला तं एक हिरवा चौकोन आला आन बरोबर त्याच्या डोळ्यावर जाऊन बसला. मी इकडे सरकली, चौकोन डोळ्यावरच. तिकडे सरकली, डोळ्यावरच. लालसिंगले इचारलं. तो म्हने, "जित्या मानसाचा डोळा हुडकते तो, मावशी."

"मंग बिघडला आहे," मी म्हनलं. पन घरी येऊन चार वेळा पाह्यलं.

येशीन का बारा मार्चले? हिरवा डब्बा कायचा आहे तेबी सांग.

आई


२९ जानेवारी

दीपे,

आयकला तुहा निरोप. लालसिंगनं मोबाईल माह्या कानाले लावला. दोन वर्षानं तुहा आवाज, आन तो काय म्हनते? "लालसिंगभाऊ, तिले सांगा हिरव्यावर ठेव, बाकीच्याले हात लावू नको. आन लेन्स काढू नको म्हना."

'तिले'. मी अठीच बसलेली, आन 'तिले'. तरी मी ते तीन खेप आयकलं. चौथ्या खेपेले लालसिंग म्हने मावशी गिऱ्हाईक थांबून आहे.

आता राग येऊ देऊ नको. निरोप आला मंगळवारी, लेन्स मी काढली सोमवारी.

बाजूले बटन होतं, दाबलं, आन तो डोळा हातात आला. आत पाह्यलं तं निळी-जांभळी काच, तळ्यावर रॉकेल सांडल्यासारखी. तिच्यावर मले धूळ दिसली. आता आपल्या घरात नाजूक काही पुसाचं असलं तं कायनं पुसतो आपन? तुह्या बापाचा चष्मा कायनं पुसत होती मी? तुह्या जन्माच्या वेळी सुईनीनं तुहे डोळे कायनं पुसले? रुईनं. जिनिंगमधून तो खिशात भरून आनत होता, सरकी काढलेली, दुधासारखी. त्यातली डबाभर अजून आहे. ती घेतली, बोटाले गुंडाळली, आन पुसली काच. हलक्या हातानं, बाळाचं नाक पुसतो तशी.

लालसिंगनं पाह्यलं आन डोक्यालेच हात लावला. "मावशी! ते सेन्सर आहे! कापसानं? अख्ख्या जिल्ह्यात हे फक्त तुम्हीच करू शकता!"

"जिल्हा कापसाचाच आहे," मी म्हनलं. "आनखी कायनं पुसू?"

त्यानं फुंकनीनं हवा मारली. निघाला नाई. एक तंतू चिकटला आहे, पापनीच्या केसाएवढा. आता उजेडातला कोनताबी फोटो काढला का वरच्या कोपऱ्यात तो दिसते, वाकडा, काळा. तो म्हने नागपूरले कारागीर आहेत, पाच मिनिटात काढून देतीन. मी म्हनलं कॅमेरा दीपाकडे जाईन तवा काढन ती.

रागावली ना? राग सांगाले तरी फोन कर. शिव्या दे. माहा नंबर बदलला नाई.

आई


१० फेब्रुवारी

दीपे,

आज मी थट्टा करनार नाई. कोशिश करतो.

तिरपा बाण आहे ना चौकोनात, ते बटन. ते दाबलं का जुने फोटो दिसतात. मले पहिल्याच दिवशी सापडलं असतं, पन मी त्याच्या बाजूले जात नव्हती. काल दाबलं.

पहिला फोटो तुहा काढलेला आहे, अकरा मार्चचा. बाप नुसत्या बंडीवर बसला आहे, हातात लेन्सचं झाकन, तोंड उघडं, हसून राह्यला. समोरचा पडलेला दात दिसते. कोट नाई, टाय नाई. मी तो मोठा करून पाह्यला, गोल चकती फिरवून, एवढा मोठा का नुसता डोळाच राह्यला टीव्हीवर. त्या डोळ्यात खिडकी दिसते आन खिडकीत तू उभी, कॅमेरा धरून. तुले माहीत होतं हे? तू त्याच्या डोळ्यात आहे.

त्याच्या पुढचे त्रेचाळीस त्यानं काढले, बारा तारखेच्या सकाळी. बटनाच्या बाजूले DISP लिहिलं आहे, ते दाबलं का टाईम दिसते. नऊ वाजून दहापासून. त्याचा पाय. कोंबडी. दाराची कडी, सात वेळा. फिटरच ना तो. आन एकतीस फोटो माहे. एकतीस, दीपे. चुलीपाशी पाठमोरी. भाकर थापताना. हात उगारून "काढू नका म्हनलं ना!" म्हनताना, तोंड वाकडं. एकात मी हसून राह्यली. मले माहीत नव्हतं मी अशी दिसतो. चाळीस वर्ष संसार केला, आन मानसानं एका सकाळीत इतल्या वेळा पाह्यलं मले.

शेवटी फोटो नाई, फिलीम आहे. लाल बटन त्याच्याच्यानं दाबल्या गेलं असन. त्याले कळलं नाई असन. कॅमेरा मांडीवर पडलेला, नुसता गुडघा दिसते, भिंत आन कॅलेंडर. पन आवाज आहे. त्याचा आन माहा.

चार मिनिटं आयकली आन बंद केली मी.

त्यात तो म्हनते, "दीपाले फोन लाव." हे तुले सांगा लागन. मी तुले सांगतलं नव्हतं. तो सकाळपासून तेच म्हनून राह्यला होता ना, दीपाले फोन लाव, हे बटन कायचं आहे इचार. दीपाले फोन लाव, हे बंद कसं होते इचार. दहा वेळा. मले वाटलं ह्याबी खेपेले कॅमेऱ्याचंच. लग्नघरात काम करनाऱ्या पोरीले बटनं इचाराले फोन करू का मी? म्हनून नाई लावला.

तर रेंज होती. रेंजचं मी खोटं सांगतलं.

पन मले वाटलं कॅमेऱ्याचंच आहे. हे खरं आहे.

आई


२३ फेब्रुवारी

दीपे,

हे खरं नाई.

लालसिंगकडून शिकून आली मी, फिलीम पुढं कशी सरकवाची. पूरी आयकली, घरी, दार लावून, भर दुपारी. एकोणतीस मिनिटं एकोणसाठ सेकंद. अकरा वाजून दोन मिनिटाले चालू झाली. तीस पुरे व्हाच्या आधी कॅमेरा आपोआप बंद होते, तसंच बनवलेलं आहे म्हने ते.

जे आहे ते लिहितो. तू मले लिहिताना पाहून राह्यली असं समजून लिहितो.

सहाव्या मिनिटाले तो म्हनते, "कोकिळा, छातीत दुखून राह्यलं व."

मी म्हनतो, "कालपासून कॅमेरा छातीशीच धरला, दुखन नाई तं काय!"

मी हसतो. माहं हसनं लय मोठं आहे, दीपे. सगळे म्हनत कोकिळा हसली का विहिरीपातूर आवाज जाते. मी कधी माहं हसनं असं बाहेरून नव्हतं आयकलं.

नवव्या मिनिटाले म्हनते, "नाई व. रोजचं नाई हे. हातात येऊन राह्यलं."

रुईनं त्याची छाती रोजच धरत होती, तुले मालूम आहे. खोकलत होता, दुखते म्हनत होता, आन मी रोज म्हनत होती का कामाचं नाव काढलं का दुखते तुमची. त्या दिवशी पानी भराचं होतं. मी म्हनलं, "अवो, दोन गुंड पानी आनाचं तं इतलं मोठं सोंग? लग्नात नाच्या ठेवतीन तुम्हाले."

अकराव्याले म्हनते, "दीपाले फोन लाव. तिले म्हन गाडी घेऊन ये."

गाडी घेऊन ये. बटनाचं एक अक्षर नाई, दीपे. मले तवाबी साफ आयकू आलं होतं, आताबी साफ आयकू येते.

मी म्हनलं, "लावतो, लावतो. पहिले चटनी वाटून घेतो, मंग राजाची सवारी काढू."

मंग मिक्सर. दोन मिनिटं नुसता मिक्सर. मिक्सरच्या खाली त्याचा आवाज आहे, काय म्हनते समजत नाई. मी कान लावून लावून पाह्यलं. मिक्सर थांबला तवा तो एकदा म्हनते, "कोकिळा." बस. मी गानं म्हनून राह्यली. मंग दहा-बारा मिनिटं त्याचा श्वास, आन कोठीतरी कोंबडी.

खाली कचऱ्याच्या डब्याचं चित्र आहे ना, ते बटन. ते दाबलं. कॅमेरा इचारते, डिलीट? हो का नाई. त्याच्या दोन्हीवर बोट फिरते. मी किती वेळ बसली मले माहीत नाई, टीव्ही आपोआप झोपली, मी पुन्हा जागी केली, पुन्हा इचारलं त्यानं. त्याले तुह्यासारखं रागावता येत नाई, नुसतं इचारते.

मोबाईल खाली पडला तवा तू माह्याकडे पाह्यलं. मी एक शब्द बोलली असती, का पोट्टी खरं बोलून राह्यली, तं तू घर सोडलं नसतं. मी नाई बोलली. मले वाटलं, आज हे बोललं तं बाया मले जित्यापनी जाळतीन. तुहं काय, तू जवान आहे, निभावून नेशीन.

डिलीट नाई केलं. मेनूत किल्लीचं चित्र आहे, ते लावलं का फिलीमेले कुलूप बसते, चुकून पुसल्या जात नाई. ते लावून ठेवलं. हे बटन मले कोनी शिकवलं नाई.

आई


५ मार्च

दीपे,

बारा तारखेले सकाळी दहाले विहारातून भंतेजी येतीन. वंदना, मंग जेवन. आत्या येनार आहे, सगळे येनार आहेत. लालसिंगनं वायर आनून दिलं, कॅमेऱ्यातून टीव्हीत जाते. त्यानं इचारलं कायले पाहिजे. मी म्हनलं घरच्या मानसाईले फिलीम दाखवाची आहे.

मले भेव लागून राह्यलं. तू असती तं बरं झालं असतं, पन म्हनत नाई. तू असताना ज्यायसमोर गप राह्यली, त्यायच्यासमोरच बोला लागन.

आई


१४ मार्च

दीपे,

तू आली नाई. दहापासून मी दाराकडे तोंड करूनच बसली होती, हे लपवून काय फायदा.

फ्रेम मी आदल्या दिवशीच उतरवली. लालसिंगकडून तुह्या फोटोची मोठी कॉपी काढून घेतली, बंडीवाली. आत्या आली, मेणबत्ती लावाले वाकली आन तशीच थांबली.

"हे काय व कोकिळा? भावाले उघडं बसवलं? कोट कोठी गेला?"

"कोटवाला आपला नव्हता, बाई. ज्याचा होता त्याले देऊन टाकला."

चार जनी हसल्या. हसवनं माहं चालूच राह्यते.

वंदना झाली. भंतेजी गेले. पानं मांडाच्या आधी मी म्हनलं, बसा, एक आयकवाचं आहे. बायाईले वाटलं मानसाचा आवाज आहे, लाडानं ठेवला असन. डोळ्याले पदर लावून तयार बसल्या. मी सहाव्या मिनिटापासून लावलं.

माहं हसनं टीव्हीतून निघालं तवा पदर खाली आले. मिक्सर चालू झाला तवा कोनीतरी म्हनलं, बंद कर व माय. मी नाई केलं. पूरं संपू देलं, श्वासासकट. मंग उठून म्हनलं, "दीपाले पहिला फोन एक वाजून पाच मिनिटाले गेला. त्याच्या आधी मी एकबी लावला नाई. पोट्टी खरं बोलली होती. खोटं मी बोलली."

बाहेर पोरं रंगाचे फुगे फोडून राह्यले होते.

आत्या बसल्या जागी आपल्या उजव्या हाताकडे पाहत होती. म्हने, "ह्या हातानं पोट्टीचा मोबाईल पाडला मी." मंग माह्याकडे न पाहता म्हने, "तू पाडू देला."

"हाव बाई."

"मायबहिनी व्हतो आपन, कोकिळा." चपला घातल्या आन गेली. जेवली नाई. अर्ध्या बाया तिच्यामांगं गेल्या. वरन, भात, भाजी, सगळं राह्यलं. काल सकाळी शेजारची पुष्पा नळावर होती, मी गेली तं गुंड अर्धा भरूनच निघाली. हे होनारच होतं. हे तुह्यासाठी लिहून नाई राह्यली, तुले दया यावी म्हनून. तूबी दोन वर्ष असंच गेली असशीन ना लोकाईच्या मधातून, आन तुहा तं काही कसूर नव्हता.

आता एक राह्यलं.

कॅमेरा अकरा एकतीसले बंद झाला. तुले फोन गेला एक पाचले. मधातल्या दीड घंट्याचं कोनाकडेच काही नाई. परवा सगळ्यायसमोरबी नाई सांगतलं मी. कॅमेऱ्यालेबी माहीत नाई. मीच सांगतलं तं आहे, नाई तं नाई.

पावने बाराले सैपाक झाला. मी ओसरीत आली. तो भिंतीले टेकून होता, मान एका अंगाले, कॅमेरा मांडीवर, दोन्ही हात कॅमेऱ्यावर. मी म्हनलं, "झोपले का राजे?" बोलला नाई. मले वाटलं, रुसला. मी नाकाशी हात नाई नेला, हात लावून नाई पाह्यलं. तुही पिवळी ओढनी दोरीवर होती, ती त्याच्या अंगावर टाकली, मंग म्हनलं, झोपा मंग, उठवनार नाई मी.

आन मी जेवली.

दोन भाकरी खाल्ल्या. वांग्याची भाजी, आन ती चटनी. सावकाश जेवली. एक घास वरचा घेतला, त्याच्या वाट्याचा, खिजवासाठी, का उठला का सांगन तुमचं मी खाल्लं. ताट धुतलं. बाहेर कपडे वाळत होते ते काढले, घड्या केल्या. मंग उठवाले गेली.

तवा थंड होता.

त्या चटनीत मीठ जास्त झालं होतं. मले अजून चव आठवते, दीपे. दोन वर्ष झाले, मिक्सर मी काढला नाई.

कदाचित तू आली असती तरी तो राह्यला नसता. लालसिंगची बायको नर्स आहे, ती म्हने सांगता येत नाई मावशी. सांगता येत नाई, हेच घेऊन बसा लागन मले. पन तू पुसदहून निघाली असती. त्याचा हात धरला असता. त्यानं तुह्याकडे पाह्यलं असतं, माह्या पाठीकडे नाई.

कॅमेरा ह्या पार्सलमधी आहे. चार्जर, झाकन, पट्टा, सगळं. ओढनी मी ठेवून घेतली, मागू नको. कार्ड आतच आहे. फिलीमेले कुलूप आहे, उघडाचं का नाई ते तुहं तू पाह्य. किल्लीचं चित्र पुन्हा दाबलं का निघते, मंग पुसता येते. तंतू अजून काचेवर आहे. कारागिराकडून काढून घेजो.

ये म्हनत नाई. हे शेवटचं पाकीट लालसिंगच्या नावानं नाई पाठवून राह्यली. वर माहं नाव आहे, माह्याच अक्षरात. तू हे वाचलं असशीन तं माहीत असून उघडलं.

बांधाच्या आधी एक काम केलं. मेनूत गेली, घड्याळावर गेली, अकरा मार्च दोन हजार तेवीस पुसलं. चौदा मार्च दोन हजार पंचवीस टाकलं, भिंतीवरच्या घड्याळाशी मिनिट मिळवून. आता तू जे काढशीन ते खऱ्या तारखेचं येईन.

कोकिळा